तोंडावर ताबा कोणाचा? : स्थौल्यचिकित्सेतील पुरुषकाराचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार आचार्यांनी एकत्र केला आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्याला या एकत्रीकरणाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डोंगरपायथ्याच्या कातकरी वा ठाकूर पाड्यावरून आलेली, लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली स्त्री आणि महामार्गालगतच्या गावातला, चार पायऱ्या चढताना धाप लागणारा तरुण हे दोघे एकाच सकाळी, एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात. पहिलीला काय खावे हे सांगताना ते तिला मिळणार आहे का, हा प्रश्न आपल्या मनात आपोआप येतो. दुसऱ्याला काय खाऊ नये हे सांगताना मात्र ते टाळणे त्याला शक्य आहे का, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ‘सगळे तुमच्याच हातात आहे, तोंडावर ताबा ठेवा’ एवढे सांगितले जाते आणि चूर्णाची पुडी बांधली जाते.

वजन उतरण्यामध्ये ‘हे माझ्या हाती आहे’ या रुग्णाच्या जाणिवेला मोठे स्थान आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु ही जाणीव उपदेशाने निर्माण होत नाही. त्यासाठी प्रत्यक्षात काहीतरी हाती असावे लागते. ते नेमके काय आहे हे रुग्णासमवेत शोधणे आणि ते क्रमाने वाढविणे हा स्थौल्यचिकित्सेचा मुख्य भाग आहे, औषधयोजनेची पुरवणी नव्हे, असे मत प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

दैव आणि पुरुषकार

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आयुष्याच्या नियततेविषयी प्रश्न विचारतो. भगवान आत्रेयांनी दिलेले उत्तर कोणत्याही एका टोकाला जाणारे नाही. आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे आणि त्या दोहोंतील जे बलवान ते दुर्बलाला मागे सारते, असा त्याचा आशय आहे. हीच दृष्टी स्थौल्याच्या हेतूंमध्येही आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, अचिंतन या रुग्णाच्या आचरणातील हेतूंच्या पंक्तीतच आचार्यांनी बीजस्वभाव हा हेतूही बसविला आहे. म्हणजे रुग्णाच्या हाती असलेले आणि त्याच्या हाती नसलेले, दोन्ही एकाच सूचीत मांडून ठेवले आहे.

बीज आणि गर्भावस्था यांचा हा वाटा किती मोठा असू शकतो, हे आपल्याच महाराष्ट्रातील संशोधनाने दाखविले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील माता व नवजात बालके यांचा अभ्यास केला. तेथील बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी भरली. त्यांचे स्नायू आणि उदरातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. अशी ‘कृश-स्थूल’ बालके आपल्याकडे जन्माला येतात, हे २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता, मात्र एकाच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या शरीरात २१.२ टक्के होता. अधिक मेद भारतीय वैद्यकाच्या शरीरात होता, हे सांगावयास नको.

ज्या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या मातांचे कुपोषण चालत आले, तेथे जन्मलेल्या मुलाच्या हाती तिशीत पैसा आला, पायाखालची वाट जाऊन दुचाकी आली आणि पोट वाढू लागले, तर त्यात बीज आणि गर्भावस्था यांचा वाटा नाही असे कोण म्हणेल? अशा रुग्णाला ‘तुझ्या खादाडपणाचे हे फळ’ असे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही.

क्षुधा हा दोष की लक्षण?

याच अध्यायातील संप्राप्तीकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. मेदाने मार्ग रोधले गेल्यामुळे वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, त्यामुळे अन्न शीघ्र पचते आणि रुग्ण पुन्हा आहाराची आकांक्षा करतो, असे तेथे वर्णन आहे. क्षुदतिमात्र आणि पिपासातियोग यांची गणना अतिस्थूलाच्या आठ दोषांमध्ये केलेली आहे. म्हणजे ज्याला समाज हावरटपणा म्हणतो, ते आचार्यांच्या लेखी व्याधीचे लक्षण आहे.

आज जग याच निष्कर्षाकडे निराळ्या वाटेने येत आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरविणारी इंजेक्शने २०२५ साली अनुक्रमे ‘मौंजारो’ आणि ‘वेगोव्ही’ या नावांनी भारतात आली. ती घेणारे अनेक रुग्ण सांगतात, की अन्नाचा जो विचार डोक्यात अहोरात्र घोळत असे तो शांत झाला. इच्छाशक्ती एका सुईने वाढत नाही. क्षुधेचा शारीर रेटा कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळी सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचेही अभ्यासात दिसले. बाहेरून मिळालेला ताबा बाहेरचा आधार सुटताच जातो, हा धडा केवळ त्या औषधांपुरता नाही. आपल्या चूर्णांना आणि गुग्गुळकल्पांनाही तो लागू आहे.

स्थूलासाठी आचार्यांनी गुरु आणि अपतर्पण असा आहार सांगितला, त्याचे औचित्य येथे ध्यानात येते. पोटाला जड, रेंगाळणारा, परंतु पोषणाने हलका असा आहार प्रदीप्त अग्नीला गुंतवून ठेवतो आणि मेद वाढवीत नाही. यव, कुलत्थ, मुद्ग, श्यामाक, कोद्रव ही त्यासाठी सांगितलेली धान्ये. त्यांपैकी कुळीथ, वरी आणि त्यांच्या जोडीची नाचणी ही आपल्या डोंगराळ पट्ट्याला परकी नाहीत. उपाशी राहण्याचा उपदेश रुग्णाच्या ताब्याची परीक्षा पाहतो; गुरु-अपतर्पण त्याचा ताबा सुकर करते. दोहोंतील हा भेद वैद्याने विसरू नये.

मानसशास्त्राची साक्ष

‘माझ्या बाबतीत जे घडते ते माझ्या करणीने, की नशिबाने अथवा इतरांच्या मर्जीने’ या समजुतीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी नियंत्रणस्थान या अर्थाची संज्ञा दिली आणि १९६६ साली तिच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दैव आणि पुरुषकार यांचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल. १९७८ साली वॉलस्टन आणि सहकाऱ्यांनी आरोग्यविषयक प्रश्नावलीत स्वतः, दैव आणि ‘सामर्थ्यवान इतर’ असे तीन विभाग केले. वैद्य-डॉक्टर या तिसऱ्या विभागात येतात. १९८२ साली केवळ वजनासाठी चार प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावलीही तयार झाली.

या साऱ्या अभ्यासांतून ‘नियंत्रण स्वतःकडे मानणाऱ्याचेच वजन उतरते’ असा सरळ नियम मात्र हाती आला नाही. निष्कर्ष संमिश्र राहिले. अधिक उपयुक्त गोष्ट १९९६ साली विल्यम्स, रायन, डेसी प्रभृतींच्या अभ्यासात दिसली. अतिस्थूल रुग्णांच्या सहा महिन्यांच्या अल्पाहार कार्यक्रमात जे स्वतःला पटले म्हणून सहभागी झाले, ते अधिक नियमितपणे आले, त्यांचे वजन अधिक उतरले आणि पुढे सुमारे दोन वर्षांनी पाहता ते अधिक टिकून होते. इतरांच्या आग्रहाखातर आलेल्यांचे तसे झाले नाही. त्या कार्यक्रमातील वैद्यकीय कर्मचारी रुग्णाच्या मताला किती वाव देतात, याच्याशीही या आंतरिक प्रेरणेचा संबंध आढळला. वैद्याचे वागणे रुग्णाचा पुरुषकार वाढविते किंवा खच्ची करते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

शहापूर-मुरबाडचे चित्र

आता आपल्या ओसरीवर येणाऱ्या रुग्णांकडे पाहू. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद येथून पहाटेच्या लोकलने ठाणे-मुंबईस जाणारा नोकरदार घरातून निघतो तेव्हा घरात चूल पेटलेली नसते. त्याचा पहिला आहार फलाटावरचा वडापाव असतो आणि दिवसाचे मोठे जेवण रात्री दहानंतरचे. अध्यशन, विषमाशन आणि रात्रीचे गुरु भोजन हे दोष त्याच्या स्वभावाचे कमी आणि वेळापत्रकाचे अधिक आहेत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याची दर आठवड्याला झोप फिरते. त्याला ‘दिवसा झोपू नका’ असे सांगणे म्हणजे नोकरी सोडा असे सांगणे होय.

एकत्र कुटुंबातील सून हा तिसरा नमुना. तेलाची धार सासूबाईंच्या हाती, बाजारहाट सासऱ्यांच्या हाती आणि जेवण सर्वांच्या शेवटी. उरलेला भात टाकवत नाही म्हणून तीच संपविते. तिच्या हाती आहाराची लिखित यादी दिली, तर ती यादी देवघरातल्या पोथीत जाऊन बसते. पुढच्या वेळी ती येतच नाही. कारण काटा हलला नाही म्हणजे आपणच अपराधी, असे तिला वाटते.

चौथा, जमिनीचे व्यवहार आणि रस्त्यांची कामे यांमुळे हाती एकाएकी पैसा आलेला तरुण. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातील जीवनाची गती बदलू लागली होती. शेताच्या बांधावर चालणारे पाय आता दुचाकीवर आहेत. हळदीच्या रात्रीचे जेवण, त्यासोबतची बैठक, मित्रांचा आग्रह, ‘नाही’ म्हटल्यास मानापमान. लग्नसराईत एका आठवड्यात चार हळदी असतात. अशा तरुणाला आहारशास्त्र ठाऊक नाही असे नव्हे. पंगतीतून उठण्याची त्याला सोय नाही.

श्रावणाचा धडा

तथापि हाच तरुण श्रावणात काय करतो, ते पाहावे. गटारी अमावास्येला मनसोक्त झोडणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मांस आणि मद्य यांना स्पर्श करीत नाही. त्याला औषध लागत नाही, समुपदेशन लागत नाही. ‘माझा तोंडावर ताबाच राहत नाही’ असे भाद्रपदात सांगणाऱ्या रुग्णाला विचारावे, ‘मग श्रावण कसा पाळलास?’ बहुधा तो हसतो आणि म्हणतो, ‘तेव्हा घरातच काही नसते, आणि कोणी आग्रहही करीत नाही.’

या उत्तरात स्थौल्यचिकित्सेचे बरेचसे सार आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धृती ही मनाला अहितापासून आवरणारी शक्ती म्हणून सांगितली आहे. ती या रुग्णात आहे. श्रावण हा तिचा पुरावा आहे. फरक इतकाच, की श्रावणात घर, गाव, मित्र आणि बाजार तिच्या बाजूने उभे असतात आणि एरवी विरुद्ध. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वाचे प्रवर, मध्य आणि अवर असे भेद करताना मध्यसत्त्व पुरुष इतरांच्या उदाहरणाने स्वतःला सावरतो किंवा इतरांकडून सावरला जातो, असे म्हटले आहे. आपले बहुसंख्य रुग्ण मध्यसत्त्वच असतात, आणि आपणही. मध्यसत्त्वाला एकट्याने लढावयास सांगणे हा त्याच्या सत्त्वपरीक्षेचा निष्कर्ष न वाचताच केलेला चिकित्साक्रम होय.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा जो प्रसार केला आणि २०१८ च्या सुमारास जो घरोघरी चर्चेचा विषय झाला, त्याच्या लोकप्रियतेचे कारणही यातच शोधावे लागेल. प्रकृती, अग्नी, वय आणि चालू औषधे यांचा विचार न करता सरसकट एकच नियम लावण्याविषयी आयुर्वेदाचे आक्षेप असू शकतात, आणि ते रास्त आहेत. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर असा प्रयोग करणे धोक्याचे आहे. पण नियम लक्षात राहण्याजोगा, खर्च शून्य, विकत घ्यावयाचे काही नाही आणि सोबत करणाऱ्यांचे गट, या चार गोष्टींनी लोकांना ‘हे मला जमेल’ असे वाटले. आपल्या शास्त्राजवळ याहून सूक्ष्म विचार असताना आपण लोकांपुढे तो पुडीच्या रूपानेच का ठेवतो, याचा विचार व्हावयास हवा.

पुडी आणि पुरुषकार

या संदर्भात एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘पथ्याशिवाय, व्यायामाशिवाय महिनाभरात वजन कमी’ अशा जाहिराती आयुर्वेदाच्या नावाने एस.टी. स्थानकाच्या भिंतींपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र दिसतात. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. म्हणजे त्याच्या उपचाराची अशी जाहिरात कायद्यानेच निषिद्ध आहे. पण कायद्याहून मोठी हानी निराळी आहे. अशी पुडी घेणारा रुग्ण आपले नियंत्रणस्थान पुडीत ठेवतो. वजन उतरले तर श्रेय पुडीला, वाढले तर दोष नशिबाला. दोन-तीन पुड्यांनंतर त्याच्या मनात ‘माझे काही होणार नाही’ ही समजूत घट्ट बसते, आणि मग तो आपल्याकडे आला तरी त्याच्या ठिकाणी पुरुषकार शिल्लक राहिलेला नसतो.

त्रिफळा, गुडूची, भद्रमुस्त, तक्रारिष्ट, मध, शिलाजतू यांचा उपयोग आचार्यांनी सांगितला आहे आणि तो योग्य रुग्णात करावाच. मात्र औषध किती काळ, कशासाठी आणि केव्हा थांबवावयाचे हे पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगावे. औषध साहाय्यक आहे, कर्ता नाही, हे त्याला कळले पाहिजे.

वैद्याने काय करावे?

प्रथम, रुग्णपत्रकात प्रकृती, अग्नी, कोष्ठ यांच्या जोडीला चार साधे प्रश्न असावेत : घरी स्वयंपाक कोण करते? तेल कोण आणते आणि महिन्याला किती पिशव्या लागतात? घरातून किती वाजता निघता व परत केव्हा येता? जेवताना सोबत कोण असते? उत्तरांवरून ताबा खरोखर कोणाच्या हाती आहे हे दिसते. तो सासूबाईंच्या हाती असेल, तर पुढील भेटीस त्यांना सन्मानाने बोलवावे. ‘सुनेचे वजन’ असा विषय न काढता ‘घरातले तेल आणि सर्वांचे गुडघे’ असा विषय काढल्यास त्याच पुढाकार घेतात, असा अनुभव आहे. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. दरमहा दहा पिशव्या लागणाऱ्या घरात नऊ आणणे, इतका तो सोपा हिशेब आहे.

दुसरे, बदल रुग्णाने निवडावा आणि तो एकच असावा. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवयी पादांशाने सोडाव्यात आणि हितकर पादांशाने जोडाव्यात, असा क्रम सांगितला आहे. लोकलने जाणाऱ्याला फलाटावरचा वडापाव सोडा असे सांगण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस घरची नाचणीची भाकरी बरोबर नेता येईल का, असे विचारावे. त्याने ‘दोन नाही, तीन दिवस नेईन’ म्हटले, तर चिकित्सा सुरू झाली असे समजावे. जागरण, व्यायाम आणि चिंतन हेदेखील स्थूलात क्रमाने वाढवावेत, असाच आचार्यांचा आदेश आहे.

तिसरे, केवळ वजनकाट्याला न्यायाधीश करू नये. काट्यावरचा आकडा थेट कोणाच्याच हाती नसतो. हाती असते ते रोजचे आचरण. चेन्नई येथे डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-विहारातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे सरासरी वजनात लक्षणीय घट नसतानाही हे घडले. तेव्हा ‘या पंधरवड्यात किती दिवस जमले?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि काटा मागाहून पाहावा. कंबरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. ज्यांच्या घरी मोजपट्टी नाही त्यांना सुतळीला गाठ मारून द्यावी. गाठ कोठे येते, हे रुग्ण स्वतः पाहतो. त्यासाठी त्याला आपल्याकडे यावे लागत नाही.

चौथे, सोबत जोडून द्यावी. बचत गट, भजनी मंडळ, दिंडीची मंडळी हे मध्यसत्त्वांचे तयार आधार आहेत. हळदीच्या जेवणात मित्रांपैकी दोघांनी मिळून ‘आम्ही आज फक्त बसणार’ असे ठरविले, की आग्रह निम्मा होतो. श्रावणाचा शेवट हा तर चिकित्सेचा उत्तम आरंभबिंदू आहे. महिनाभर पाळलेल्यातील एक गोष्ट पुढे चालू ठेवण्याचा संकल्प त्या दिवशी घ्यावा.

पाचवे, अपयशाची भाषा बदलावी. पथ्य मोडणाऱ्याला ‘का मोडले?’ असे दरडावण्याऐवजी ‘कोठे मोडले, तेव्हा कोण होते, काय समोर होते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने रुग्ण खोटे बोलावयास शिकतो. दुसऱ्याने ज्ञापक होतो. खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाच्या गुणांमध्ये निर्देशकारित्व आहे, तसेच ज्ञापकत्व आणि अभीरुत्वही आहे. आपण पहिल्या गुणाची अपेक्षा करतो आणि उरलेल्या दोहोंना वाव देत नाही, हे योग्य नव्हे.

पाड्यावरच्या ज्या कृश स्त्रीचा आरंभी उल्लेख केला, तिच्या अन्नाचा प्रश्न केवळ तिच्या पुरुषकाराने सुटणारा नाही, हे आपण मान्य करतो; तेथे शिधा, रोजगार आणि अंगणवाडी यांची भाषा बोलतो. स्थूल रुग्णाविषयीही तीच न्यायबुद्धी आपण दाखवावी, एवढेच मागणे आहे. दैवाचा वाटा मान्य केल्याने पुरुषकार दुबळा होत नाही. उलट जे हाती नाही त्याचे ओझे उतरले, की जे हाती आहे ते उचलण्यास बळ येते. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या श्रावणानंतर अशी गटचिकित्सा एकेका गावात सुरू करावी, सुतळीच्या गाठींची नोंद वर्षभर ठेवावी आणि यश व अपयश दोन्ही याच त्रैमासिकातून मांडावे, अशी नम्र सूचना वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवतो.